पाणी डावीकडे की उजवीकडे?

सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेला बोटभर अंतर सोडून नकाशावर वरून खाली येत गेलं, की निळे ठिपके एकाखाली एक लागतात. प्रवरेवर भंडारदरा, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे, कुकडीवर माणिकडोह, मीनेवर वडज, घोडवर डिंभे, भीमेवर चासकमान, भामेवर आसखेड, पवनेवर पवना, मुळेवर मुळशी, आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, वेळवंडीवर भाटघर. नदी घाटमाथ्यावरून उतरते न उतरते तोच अडवलेली. माझ्या मुलीने या ठिपक्यांवरून पेन्सिलीने एक रेघ ओढली आहे. भंडारदऱ्यापासून भाटघरपर्यंत, सायकलवर, तंबू घेऊन, सोबत ऑफिसातली एक मैत्रीण, दिवाळी आटोपली की लगेच.

माझा मोठा भाऊ म्हणजे तिचा मामा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होता. सगळी नोकरी याच पट्ट्यात गेली. तिने त्याला रेघ दाखवली ती कौतुकाच्या अपेक्षेने. दादाने चष्मा पुसला, नकाशा जवळ ओढला आणि जे सुरू झालं ते जेवणं होऊन ताटं सुकली तरी चालू होतं. त्यातलं जेवढं लिहिण्यासारखं, तेवढं इथे देते.

मामा : पाणी कुठल्या पातळीला असताना जाणार?

भाची : पातळी? मामा, मी काठाने जाणार आहे, पाण्यातून नाही.

मामा : काठच तर जागा बदलतो. नकाशात निळी कड दिसते ती धरण पूर्ण भरल्यावरची. भंडारदऱ्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं. ते सगळं असेल तेव्हा काठ तिथे. मग रब्बीचं आवर्तन सुटतं, मग उन्हाळी, आणि दर आवर्तनाला काठ खाली उतरत जातो. मे महिन्यात तंबूचं दार पाण्याकडे करून बसलीस तर समोर चिखल दिसेल, आणि चिखलापलीकडे पाण्याची पट्टी.

भाची : म्हणून तर दिवाळीनंतर जातेय. तेव्हा भरलेलं असतं.

मामा : बहुतेक वर्षी असतं. पण १५ ऑक्टोबरच्या साठ्याचा आढावा होतो. जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांनी खाली सोडायचं. समन्यायी वाटप, २००५चा कायदा. मग नगर-नाशिकवाले कोर्टात जातात, मराठवाडावाले मोर्चे काढतात आणि नोव्हेंबरात कधीतरी पाणी सुटतं.

भाची : म्हणजे सायकलच्या सहलीला निघताना जायकवाडीचा साठा बघायचा?

मामा : रोज पेपरात येतो. मोबाईलवर हवामान बघतेस ना? त्याच्याच जोडीने बघायचा.

ती हसली, पण तिने वहीत लिहून घेतलं हे मी पाहिलं. आपल्याकडे तळ्याकाठच्या भटकंतीची वर्णनं वाचली तर पाणी तिथे आदिकाळापासून असल्यासारखी असतात. महाराष्ट्रात निसर्गाने घडवलेलं नावाजलेलं सरोवर म्हणजे लोणार, आणि ते दोन किलोमीटरही रुंद नाही. त्याला सायकल कशाला लागते, कडेने पायी फेरी होते. बाकी ज्यांना आपण हौसेने तळी म्हणतो त्यांतली बहुतेक माणसाने ठरवून अडवलेली, आणि त्यांची चावी कुणाच्या तरी हातात. त्यामुळे पातळीचा प्रश्न आधी यावा हे मला दादाचं एकदम पटलं. त्याचं पुढचं सगळंच पटलं असं नाही.

रस्त्याच्या बाबतीत मुलगीच त्याच्या पुढे निघाली. तळ्याकाठचा रस्ता सपाट, असं आपल्याला उगाच वाटतं. तिने मला चढउताराचा आलेख दाखवला. करवतीचे दाते असावेत तसा होता.

भाची : दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड असते, पूर्वेकडे गेलेली. एका धरणाकडून दुसऱ्याकडे जायचं म्हणजे दर वेळी सोंड ओलांडायची. राजूरहून कोतूळला उतरलं की मुळा नदी, मुळशीची नव्हे, दुसरी. तिथून ब्राह्मणवाडा, मग डोंगर ओलांडून ओतूर. ओतूरहून जुन्नर, जुन्नरहून घोडेगाव, तिथे परत चढ. आणि एवढं करून काठावर पोचलं की काठाचा रस्ता आतबाहेर करतो. समोरचं गाव पाण्यापलीकडे हाकेच्या अंतरावर दिसतं, आणि सायकलने जायला तास लागतो.

मामा : कारण सरळ रस्ता खाली आहे.

भाची : खाली?

मामा : पाण्याखाली. जुना रस्ता नदीकाठाने जायचा. तो बुडाला. मग नवा रस्ता पूर्ण संचय पातळीच्या वर, डोंगराच्या अंगावर कोरायचा. जिथे जिथे ओढा येऊन मिळत होता तिथे आता पाण्याची जीभ आत शिरलेली असते. म्हणून रस्त्यानेही आत जायचं, मोरीवरून ओढा ओलांडायचा आणि परत बाहेर यायचं. तुझे ते दाते म्हणजे एकेक बुडालेला ओढा आहे.

भाची : मग दिवसाला पन्नास किलोमीटर पुरे. मागे दोन पिशव्या, वर तंबू, चार लिटर पाणी. चढाला सर्वांत हलक्या गिअरवर चालण्याच्या वेगाने जाणार. त्याची मला लाज नाही.

मामा : कोयना घेतली नाहीस, ते शहाणपणाचं केलंस. शिवसागराला फेरीचा रस्ताच नाही. बामणोली-तापोळ्याला लाँचमध्ये सायकल टाकून पलीकडे जावं लागतं.

भाची : ते पुढच्या वर्षी ठेवलंय.

मग भंडारदऱ्याच्या फेरीवरून जुंपली. या सगळ्या धरणांत भंडारदऱ्याचं वैशिष्ट्य असं की तिथे काठाने पूर्ण वेढा घालता येतो. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात.

मामा : या क्रमाने? म्हणजे पाणी डाव्या हाताला. उलटी फेरी घालणार तू.

भाची : उलटी कशी?

मामा : देवळात जातेस ना? देव उजव्या हाताला ठेवतात. नर्मदेची परिक्रमा करणारे हजारो किलोमीटर चालतात, नर्मदा कायम उजवीकडे. शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट सरदार सरोवरात गेली. लोक आता डोंगरावरून लांबून जातात, पण बाजू बदलत नाहीत.

भाची : मामा, आपण गाडी रस्त्याच्या डावीकडून चालवतो. पाणी डावीकडे असलं की माझ्या आणि पाण्याच्या मध्ये कुणी येत नाही. थांबावंसं वाटलं तर पाय टेकायचा, रस्ता ओलांडायचा नाही. जपानला ऑफिसच्या कामाला गेले होते तेव्हा बिवा सरोवराला गेले होते ना मी? दोनशे किलोमीटरचा वेढा आहे. रस्त्यावर सायकलवाल्यांसाठी निळी रेघ मारलीय आणि फेरी उलटीच घाला म्हणतात. कारण तिथेही वाहनं डावीकडून.

मामा : बिवाला कठडा असेल.

भाची : बऱ्याच ठिकाणी.

मामा : मुतखेलच्या पुढे नाही. रस्ता एका गाडीचा. शनिवारी मुंबईची मोठी गाडी वळणावर समोरून आली की तू कुठे सरकणार? डावीकडे, म्हणजे उताराकडे. डोंगराच्या बाजूने असलीस तर फार तर गटारात पडशील. सायकलसकट बाहेर काढता येतं.

भाची : मग शनिवारी जायचंच नाही.

मामा : ते चालेल.

कोण बरोबर? मला विचाराल तर देव उजवीकडे ठेवण्याचा मुद्दा दादाने स्वतःच नंतर सोडून दिला आणि तो गटारावर आला, यावरून काय ते समजावं. पण मोकळ्या दरीपेक्षा गटार बरं, हे आईच्या मनाला लगेच पटतं.

मामा : आणि मला एक सांग. तू ती बीआरएम का काय करतेस, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. मग भंडारदऱ्याचा हा वेढा तुला सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंतचा. तंबू कशाला वाहतेस? आणि बारा धरणं कशाला? एकच घे. चार दिवस तिथे राहा. घाटघरला वरचं धरण बघ. रात्री स्वस्त वीज वापरून खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी चारशे मीटरवरून खाली सोडून वीज करायची. अडीचशे मेगावॉट. खालचं धरण कोकणात, शहापूर तालुक्यात. असलं काही तुझ्या बिवाला आहे?

भाची : बघेन ना. अर्धा दिवस देईन.

मामा : अर्ध्या दिवसात घाटघरचा कडाच बघून होतो. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या खांबांपाशीच तुझी सकाळ जाईल. शेजारी पुष्करणी, वर रतनगड, तिथेच प्रवरेचा उगम. साम्रदला सांदण दरी. बारीवरून कळसूबाई, १,६४६ मीटर. धावत सुटलीस तर धरणांची नावं मोजशील, बाकी काय बघशील?

भाची : तू प्रत्येक धरणावर वर्षानुवर्षं राहिलास म्हणून तुला एकेक सुटं दिसतं. मला सलग बघायचंय. एकच धरण बघितलं तर ते रम्य ठिकाण वाटतं, फोटो काढून घरी येतो आपण. ओळीने बघत गेलं की कळेल, या उतारावरची जवळजवळ एकही नदी आपण सोडलेली नाही.

मामा : सोडायची कशाला? घाटघर-रतनवाडीला पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला संगमनेरला पाचशेसुद्धा धड नाही. मध्ये दरी अरुंद, तळाला काळा कातळ. कुठल्याही काळात कुठलाही इंजिनियर उभा राहिला असता तर त्याने बोट तिथेच ठेवलं असतं. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. त्याआधी त्या भागाला दुष्काळी म्हणायचे. ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा-उजवा कालवा निघाला, ऊस उभा राहिला, आणि १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना. उगाच नाही झालं.

भाची : आणि काठावरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर.

यावर दादा जरा वेळ बोलला नाही. सुपारी कातरत बसला. मग त्याने सांगितलं ते समर्थन म्हणून नव्हे, माहिती म्हणून. वरच्या गावांत पाऊस उदंड, पण जमीन उताराची आणि खाली बेसॉल्टचा कातळ. पाणी मुरायला जागाच नाही. पावसाचं पाणी धरणात जातं, धरणातलं कालव्यात, कालव्यातलं उसात. काठावरचा महादेव कोळी किंवा ठाकर शेतकरी भातावर आणि नागली-वरईवर जगतो. त्याला पाणी दिसतं, पण त्याच्या शेतापेक्षा खाली. उचलून आणायचं तर पंप हवा, वीज हवी, परवानगी हवी.

भाची : हे तुझ्या चार दिवसांत दिसलं असतं, माझ्या ओळीतही दिसेल. डिंभ्याला गेले की दुसरं दिसेल. घोडेगाव हे तालुक्याचं ठिकाण, पण तालुक्याचं नाव आंबेगाव. ते आंबेगाव पाण्याखाली आहे. मुळशीला गेले की १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट. पानशेतला गेले की १२ जुलै १९६१, धरण फुटलं तो दिवस. ही सगळी एकच गोष्ट आहे, मामा. तू तिचा एक अध्याय चार दिवस वाच म्हणतोयस.

मामा : मुळशी आमच्या खात्याची नाही. ती टाटांची, विजेची.

भाची : बघ, लगेच वाटणी.

इथे मी मुलीच्या बाजूची. दादाचा मुक्कामाचा आग्रह मला कळतो. सायकल घेऊन ठिकाणं ‘करत’ सुटणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. पण त्याच्या बोलण्यात प्रत्येक धरण हे एक प्रकरण असतं, आपापल्या फायलीचं. तिच्या रेघेने त्या फायली एका दोरीत बांधल्या. एका खोऱ्यातून दुसऱ्यात घाम गाळत चढून गेल्यावर समोर पुन्हा तीच निळी पट्टी दिसणं, आणि पुन्हा, हे गाडीत बसून समजत नाही. गाडीवाले हमरस्त्याला लागतात, चाकणला चहा पितात.

खरी वादावादी तंबूवरून झाली.

मामा : मुक्काम कुठे?

भाची : पाण्याजवळ, सपाट गवताळ जागा बघून.

मामा : ती सपाट जागा कुणाची?

भाची : तुझ्याच खात्याची. बुडीत क्षेत्र.

मामा : कागदावर. पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात. ती आम्ही हंगामापुरती कसायला देतो, आधी धरणग्रस्तांना. ज्याची जमीन पाण्यात गेली तोच वर्षातून काही महिने तिच्यावर हरभरा घेतो, कडवळ घेतो. नोव्हेंबरात पहिली पट्टी उघडी पडते. तुला ती मोकळी दिसेल, कारण पेरलेलं अजून उगवलेलं नसतं. वर नुसता भेगाळलेला पापुद्रा. तू तंबूची खुंटी ठोकलीस तर पहिली चार बोटं कडक लागेल, मग खुंटी लोण्यात गेल्यासारखी आत जाईल आणि रात्री वाऱ्याने उपटून येईल. सायकल आत घातलीस तर चाक आंसापर्यंत रुतेल. आणि सकाळी माणूस येऊन उभा राहील, त्याचं बी तुझ्या पाठीखाली.

भाची : बरं. पाण्यापासून वर टाकू. तसंही पाण्याला लागून झोपू नये, दव फार पडतं. थंड हवा खाली बसते आणि पहाटे तंबू आतून ओला होतो. थोडं चढावर, झाडाखाली बरं पडतं.

मामा : आणि धरणाच्या भिंतीखाली नदीपात्रात तर अजिबात नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला की आधीच भरलेल्या धरणात पाणी घ्यायला जागा नसते. सांडव्यावरून सोडतात. रात्रीही सोडतात.

भाची : ते मला माहीत आहे.

मामा : भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. वन खात्याला विचारल्याशिवाय रात्रीचा मुक्काम नाही, शेकोटी नाही. म्हणून म्हणतो, तंबू राहू दे. गावात जा. कुणाच्या ओटीवर झोपायला ना कुणी म्हणत नाही. आमची सगळी पाहणी अशीच झाली. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, आणि रात्री गप्पांमधून जेवढी माहिती मिळायची तेवढी कार्यालयात मिळायची नाही.

भाची : मामा, तू साहेब होतास. तुझ्यासाठी ओटी झाडून ठेवायचे. आम्ही दोन मुली, अंधार पडल्यावर, घामाने भिजलेल्या, दारात सायकली घेऊन उभ्या. त्या घरातली बाई दिवसभर भात कापून आलेली असते. आता तिने चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या आणि आमच्यासाठी अंथरूण शोधायचं. नाही म्हणता येत नाही म्हणून ती हो म्हणणार. तंबू मी वाहतेय तो तिच्यासाठी.

दादाच्या मुक्कामाच्या कितीतरी गोष्टी मी ऐकल्या आहेत. त्यांत भाकरी असते, चटणी असते, म्हाताऱ्या पाटलाच्या आठवणी असतात. भाकरी भाजणारी बाई एकाही गोष्टीत नाही. हे त्याला मी कधी बोलले नव्हते. भाचीने बोलून टाकलं आणि मी उठून चहा टाकायला गेले. आत जाताना ऐकलं ते असं.

मामा : ...मग दुपारीच फोन करून सांगायचं. शेंडीला, रतनवाडीला आता घरगुती जेवण देणारे आहेत. सांगून ठेवलं की ते करतात, पैसे घेतात. नऊला जाऊन दार वाजवायचं नाही.

भाची : हं. जेवण त्यांच्याकडे, पैसे देऊन, झोपणं तंबूत. अंगणात किंवा शाळेच्या पटांगणात, विचारून.

मामा : सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला सांग. पाण्याच्या टाकीची, संडासाची चौकशी तिथेच होते. मुली आहात म्हटल्यावर तेही रात्री एक चक्कर मारतील.

भाची : चक्कर मारतील तेच नको असतं कधी कधी.

मामा : असं का म्हणतेस?

तिने मग सांगितलं. नावं घेतली नाहीत, मीही लिहीत नाही. सुनसान जंगल आणि माणसांनी भरलेलं गाव यांत मुलीला कुठे सुरक्षित वाटतं, याचं उत्तर दर वेळी गाव असं नसतं. आणि जंगल असंही नसतं. जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्या आहे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. तिथे उसाच्या कडेला तंबू टाकायचा नाही हे दोघांनी न भांडता ठरवलं. जुन्नरला लॉजमध्ये राहायचं आणि तंबू सुकवायचा. मला हे फार आवडलं. सहल आखताना एखादी रात्र पलंगावर काढायची तरतूद असावी. कपडे वाळतात, मोबाईल भरतो, माणसं एकमेकांशी पुन्हा नीट बोलायला लागतात.

पवनेवर दोघांचं एका वाक्यात एकमत झालं. तिथे काठाला तंबूंच्या रांगाच आहेत, भाड्याने मिळणाऱ्या, आणि शनिवारी रात्री स्पीकर. मामाला तो आवाज सहन होत नाही, तिला ती गर्दी. म्हणून पवना मधल्या वारी. मग हिशेब मागून पुढे आला. पवना बुधवारी हवी तर भंडारदरा कधी? शनिवार-रविवार काठावर नको, म्हणून ते दोन दिवस मधल्या शुष्क रस्त्यांवर, ओतूर-जुन्नरच्या बाजूला. निघायचं गुरुवारी. रेघ तीच राहिली, वार सगळे बदलले.

मधेच तिने काजव्यांचा विषय काढला. मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी भंडारदऱ्याला हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. तेव्हा एकदा जावं का? दादा म्हणाला, जा, पण सायकलचा दिवा बंद ठेवून रात्री त्या रस्त्याने चालवणं शक्य नाही, आणि दिवा लावलास तर काजवे ज्या उजेडाच्या खुणांनी जोडीदार शोधतात त्या खुणा पुसल्या जातात. सध्या तेवढ्या रात्रींसाठी शेकडो गाड्या हेडलाइट लावून तिथे येतात. त्यात आपली भर नको. तिला पटलं. विषय तिथेच संपला, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

राहता राहिला शेवट.

भाची : मुळशीहून निघाले की पानशेत, वरसगाव, आणि मग भोरवरून भाटघर.

मामा : भाटघर गाळू नकोस. लॉइड धरण, १९२८ चं. तिथली भिंत बघितल्याशिवाय तुझी ओळ पुरी होत नाही.

भाची : गाळत नाहीये.

मामा : सगळे गाळतात. मुळशीहून पानशेतला जायचं म्हणजे खडकवासल्यावरून. विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा तिथे बसवले, १९०३ साली. ते बघायला म्हणून थांबशील, आणि तिथून घर किती लांब?

भाची : अर्धा तास.

मामा : त्या दिवशी तुझे पाय भरलेले असणार. अंगाला वास येत असणार. मैत्रीण म्हणेल, आज घरी झोपू, उद्या सकाळी निघू. घरी गेलात की संपलं. आजवर घरी जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी भाटघरला गेलेला माणूस मी बघितला नाही.

भाची : मग खडकवासला टाळून रस्ता शोधते.

मामा : डोंगरातून आहेत. चढ फार.

भाची : चालेल.

मामा : चालेल म्हणतेस, तेव्हा पाय तुझे असणार नाहीत. सामान अर्धं खडकवासल्याला माझ्याकडे दे, मी एसटीने भोरला आणून ठेवतो. रिकाम्या सायकलवर तरी जाशील.

भाची : ते फसवणं झालं ना? सगळं सामान स्वतः वाहायचं ठरलंय.

मामा : कुणाशी ठरलंय?

यावर अजून चर्चा चालू आहे. तिने त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे, दादाने त्याच्याखाली एसटीची वेळ लिहिली आहे. मी दोघांनाही एवढंच विचारलं, की त्या संध्याकाळी घरी पिठलं-भात टाकायचा की नाही. एक म्हणाला टाक. दुसरी म्हणाली अजिबात टाकू नकोस, वास आला की मी येईन.